पाणी विचारून घेतलेली मोटार

मोटार घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा विचारतो, पेट्रोल किती पिते. आमच्या सिस्टर आत्या विचारायच्या, पाणी किती पिते. नगरला जुन्या मोटारी विकणाऱ्या शेटजींनी हा प्रश्न ऐकला तेव्हा त्यांनी आत्यांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. बरोबरची ही पोरगी शिकलेली दिसते, हीच काय ते नीट सांगेल, असं त्यांना वाटलं असावं. मीही गॉगल डोक्यावर सरकवला आणि म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, अशा समजुतीनं हसले. मोटारीत पाणी घालावं लागतं हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

सिस्टर आत्या म्हणजे ह्यांच्या सख्ख्या आत्या. लग्न केलेलं नव्हतं. नगरला नर्सिंग शिकल्या, तिथल्याच दवाखान्यात बरीच वर्षं नोकरी केली, आणि मग तिसगावात दोन खोल्या घेऊन बाळंतपणाचं घर उघडलं. गावातली माणसं त्यांना 'शिस्टरबाई' म्हणत. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, आणि हातात ती काळी पिशवी. वाड्यावस्त्यांवर सायकलीनं जायच्या. रविवारी चर्चमध्ये उपासनेला गेल्या तरी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, तेही अगदी टोकाला बसायच्या. पाळकसाहेब प्रार्थना करत असताना दारात कुणी घामाघूम माणूस दिसला की आत्या डोळे उघडून, चपळाईनं बाहेर. पाळकसाहेब डोळे मिटूनच त्या अडलेल्या बाईसाठी दोन शब्द वाढवायचे. त्यांना आत्यांच्या बुटांच्या आवाजावरून कळायचं.

घरात त्यांचं एक वाक्य सारखं ऐकू यायचं, "आधी हात धू, मग बोल." पेशंटचा नवरा येवो, भांडायला शेजारीण येवो, सरपंच येवो, हे वाक्य सगळ्यांना एकच. दुष्काळाची वर्षं होती. विहिरींचे तळ दिसत होते, पाणी बैलगाडीवरच्या पिपातून यायचं. तरी दारात एक तांब्या भरून ठेवलेला असायचा आणि त्याला प्यायला म्हणून कुणी हात लावायचा नाही. हात धुईपर्यंत माणसाचा निम्मा राग उतरतो, निम्मी भीती उतरते, असा त्यांचा अनुभव होता. माझं तर जे बोलायचं ते सगळंच उतरायचं.

मी पुण्याची. बी.ए. तेव्हा बी.ए. होते म्हणायचं, आता नुसती आजी आहे. हे तिसगावच्या हायस्कुलात मास्तर म्हणून लागले, म्हणून लग्नानंतर आमचा संसार आत्यांच्याच घरी थाटला. मी आले ती ट्रंकभर मासिकं, एक रंगीत छत्री आणि हा गॉगल घेऊन. पहिल्याच आठवड्यात मी चुलीपाशी बसून आत्यांना सांगितलं होतं की मला मोटारींतलं बरंच कळतं. कारण काय, तर माझ्या मामांची मोटार होती आणि मी तीत दोनदा बसले होते. आत्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. आमच्या घरात एक तरी जाणकार आली." तेव्हापासून त्या मला नावानं हाक मारीनाशा झाल्या. "ए बी.ए.," म्हणायच्या.

मोटारीचा विचार त्यांच्या डोक्यात आला तो हौसेनं आलेला नव्हता. त्या उन्हाळ्यात डोंगराकडच्या वाडीतली एक पहिलटकरीण अडली होती. नगरला नेण्यावाचून इलाज नव्हता. बस निघून गेलेली. दुष्काळी कामावर खडी वाहणारा एक ट्रक मिळाला. खडीवर गोधडी टाकून तिला निजवलं, आत्या शेजारी बसल्या. करंजीच्या घाटात, वळणावर, ट्रक तापून उभा राहिला. ड्रायव्हर डबा घेऊन पाण्याला गेला. खालची विहीर कोरडी, पुढची कोरडी. तो पाणी घेऊन आला तेव्हा पाण्याची घाई कुणालाच उरली नव्हती. आत्यांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही कांदा चिरता चिरता, माझ्याकडे न बघता. "तिला पाणी नको होतं गं," त्या म्हणाल्या, "त्या ट्रकला पाहिजे होतं."

मग त्यांनी वडिलांनी वाट्याला ठेवलेला जमिनीचा तुकडा विकला आणि आम्हाला सांगितलं की यात बसेल ती मोटार घ्यायची, यात न बसणारी मला दाखवूसुद्धा नका. ह्यांनी डोक्याला हात लावला. "आत्या, मोटार काय शेळी आहे का, दावं धरून आणायला? घ्यायचीच तर जीप तरी घ्या."

"जीपमध्ये अडलेली बाई बसवून बघितलीस कधी? हाडं खिळखिळी होतात. मूल नगरला पोचायच्या आत बाहेर येईल, नाही तर कधीच यायचं नाही."

"मग नवीकोरी बुक करू. जरा थांबावं लागेल एवढंच."

नवी मोटार बुक केली की त्या काळी वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. माणसं मुलाच्या मुंजीला नाव नोंदवीत आणि मोटार त्याच्या लग्नाला येई. आत्या म्हणाल्या, "मी थांबेन रे. वाडीतल्या बायकांना विचारून ये, त्या थांबतात का."

म्हणून आम्ही नगरच्या त्या शेटजींकडे गेलो. हे शाळेमुळं आले नाहीत, त्यामुळं घरातली जाणकार म्हणून मी गेले. मला पाचवा महिना होता. उलट्या थांबल्या होत्या आणि आगाऊपणा सुरू झाला होता.

पहिली गाडी मोठी, गोल पाठीची, काळी कुळकुळीत, साहेब लोक फिरतात तसली. मी मनातल्या मनात तीत बसून तिसगावच्या बाजारातून एक चक्कर मारूनही आले. आत्यांनी तिच्याभोवती फेरी घातली.

"हिचं पोट मोठं आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे जागा भरपूर ना, बाई," शेटजी म्हणाले.

"आणि खाणंही भरपूर. शिवाय आमच्या वाडीच्या वाटेला दोन्ही बाजूंनी निवडुंग आहे. ही आत गेली की तिथंच राहायची. मला मोटार पाहिजे शेटजी, बंगला नको."

दुसरी लाल होती. ठेंगणी, देखणी, दोनच दारांची. सिनेमातली नायिका चालवील अशी. मी तिला बघितलं आणि आत्यांचा दंडच धरला. "आत्या, हीच!"

"का गं?"

"रंग बघा ना."

"बघितला. आता असं कर, मागच्या सीटवर जाऊन आडवी हो."

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. पदर खोचला, पुढची सीट वाकवली आणि पोट सांभाळत त्या फटीतून मागं शिरायला गेले. अर्धी आत आणि अर्धी बाहेर अशी अडकले. गॉगल कुठं तरी पडला. शेटजींनी सज्जन माणसासारखं रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"बी.ए., आता तुला कळा येताहेत," आत्या बाहेरून म्हणाल्या.

"आत्या, लोक बघताहेत!"

"कळा आल्यावर लोक दिसत नाहीत. जाता येतंय का आत?"

"नाही येत."

"मग हिच्या रंगाचं काय करू मी, पोळीशी खाऊ?"

तिसरी गाडी अगदी कोपऱ्यात धूळ खात उभी होती. लहानखुरी, चौकोनी तोंडाची, चार दारांची आणि रंग मुगाच्या वरणाचा. मी नाक मुरडलं. पण आता मला विचारतो कोण! पुन्हा आडवं व्हायचा हुकूम झाला. ह्या खेपेला सुखानं आत गेले, गुडघे दुमडून निजले. आत्या माझ्यामागून आत आल्या, दोन सीटांच्या मधल्या जागेत उकिडव्या बसल्या आणि माझ्या पोटावर दोन्ही हात ठेवून त्यांनी डोळे मिटले. मला हसू येत होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते गिळलं. मग म्हणाल्या, "माझे हात पोचतात."

पण एवढ्यावर सौदा झाला नाही. त्यांनी शेटजींना भर दुपारी गाडी घाटात घ्यायला लावली. नगरहून करंजीपर्यंत खाली उतरायचं आणि तसंच परत वर चढायचं. शेटजींचा ड्रायव्हर, शेटजी, मी आणि आत्या तर होतोच, पण करंजीला ओळखीच्या दोन धडधाकट बायका भेटल्या, त्यांनाही बसवून घेतलं. "रिकामी गाडी कुणीही चढवील," आत्या म्हणाल्या. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर भाजावं. गाडी कण्हत, गुरगुरत पण न थांबता वर आली. माथ्यावर लिंबाखाली उभी केली, पुढचं झाकण उघडलं, ती निवेपर्यंत सगळे उभे राहिलो. मग आत्यांनी पिशवीतून घरचा तांब्या काढला, बाटलीतलं पाणी त्यात मोजून घेतलं आणि ड्रायव्हरच्या हातून रेडिएटरमध्ये ओतवलं. तांब्याही रिता झाला नाही.

"एवढं मी माझ्या आंघोळीतलं देईन," त्या म्हणाल्या. "हीच घेऊ."

शेटजींना राहवेना. "बाई, निदान पेट्रोलचं तरी विचारा."

"पेट्रोल पैसे दिले की मिळतं, शेटजी."

तरी घेण्याआधी त्यांनी आणखी एक केलं. शेतावरची पाण्याची इंजिनं दुरुस्त करणारा आमच्या गावचा मिस्त्री त्या दिवशी नगरला आला होता, त्याला बोलावून घेतलं. "रस्त्यात बंद पडली तर तुला उघडता येईल का रे?" त्यानं आत डोकं घातलं, इकडं तिकडं बोटं लावली. "उघडता यील की बाई. आन लावता बी यील. त्या मोठ्या गाडीचं मला लई कळत न्हाई, पन ही साधी हाय." ह्या 'साधी हाय' वर आमचा सौदा पुरा झाला. मी मात्र तोंड फुगवून बसले होते, कारण मला लाल पाहिजे होती.

पन्नाशी ओलांडलेल्या आत्या शेटजींच्याच ड्रायव्हरकडून गाडी शिकल्या. नाक स्टिअरिंगच्या चाकाला टेकेल इतक्या पुढं वाकून चालवायच्या. हॉर्न वाजवणं त्यांना उर्मटपणा वाटे, म्हणून खिडकीतून डोकं काढून, "जरा बाजूला व्हा हो," म्हणायच्या. म्हशी ऐकायच्या, माणसं ऐकायची नाहीत. माणसं पारावरून उठून, तोंडात बोट घालून बघत उभी राहायची. काम असो नसो, रोज सकाळी गाडी चालू करून ओढ्यापर्यंत नेऊन आणायच्या. ह्यांनी एकदा म्हटलं, "आत्या, उगाच कशाला फिरवता?" तर म्हणाल्या, "गरजेच्या दिवशी चालू होते का बघायचं आणि बंद निघायची, हे मला नको. रोज चालणारी पाहिजे." पुढं पुढं लोक त्या आवाजावर चुलीवर चहा ठेवू लागले.

आणि मग श्रावणातल्या एका दुपारी भागाला आणलं. डोंगराकडच्याच वाडीची, पहिलीच खेप, बैलगाडीतून आली. नवरा सदा बैलांइतकाच थकलेला. आत्यांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा सपाट झाला. पोटात मूल आडवं होतं. "नगर," एवढंच म्हणाल्या. गाडी आल्यापासून नगरला न्यायची ही पहिलीच, पण सगळी तयारी आधीपासूनच होती. चादर, पिशवी, पाण्याचा डबा. दोघातिघांनी भागाला उचलून मागच्या सीटवर निजवलं. आत्या तिच्या पायाशी, त्या मधल्या जागेत शिरल्या आणि तिच्या पोटावर हात ठेवले. सदा पुढं बसला. मी पाण्याचा डबा त्याच्या पायाशी ठेवून दार लावलं.

"चला," आत्या म्हणाल्या.

गाडी जागची हलली नाही. हलणार कशी! चाकाच्या मागं कुणीच नव्हतं. सदा त्या रिकाम्या जागेकडे बघत होता, मी सदाकडे बघत होते.

"बाई," तो हळूच म्हणाला, "म्या बैल हाकतो."

इतकी जय्यत परीक्षा घेतलेली मोटार. सीट बघितली, दार बघितलं, घाट बघितला, पाणी बघितलं. आणि ती चालवणारी बाई आणि मागं बसून हात ठेवणारी बाई एकच आहे, हे आम्हा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. शेटजींच्या अंगणात त्या स्वतः मागं बसून म्हणाल्या होत्या, हात पोचतात म्हणून. आणि घाट चढवताना चाकामागं शेटजींचा ड्रायव्हर होता. गावात आमच्या गाडीखेरीज मोटार नव्हती, तर ती चालवणारा दुसरा कोण असणार! ह्यांना सायकलही जेमतेम यायची.

आत्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग बाहेर आल्या. "बी.ए., मागं बस."

"मी? आत्या, मला रक्त बघितलं की..."

"आधी हात धू."

मी हात धुतले. सातवा सरत आला होता, मला धड वाकता येत नव्हतं. त्या मधल्या जागेत कशीबशी मावले आणि भागाच्या पोटावर हात ठेवले. आत्या चाकामागं बसल्या आणि गाडी निघाली.

तो रस्ता मी पुढं किती वेळा गेले ते मोजलेलं नाही, पण इतका लांब तो पुन्हा कधी झाला नाही. आत्या मागं न बघता विचारायच्या, "पोट कसं आहे? कडक की मऊ?" आणि मला कळायचं नाही. खरंच कळायचं नाही. हाताखाली काही तरी दगडासारखं लागायचं, मग सैल व्हायचं, मग पुन्हा. मी काही तरीच सांगायचे. मग त्या गाडी कडेला घ्यायच्या, उतरून मागं यायच्या, भागाला बघायच्या, पुन्हा चाकामागं. करंजीपर्यंत असं झालं, घाटात पुन्हा झालं. गाडीनं मात्र कुठं दगा दिला नाही. घाट ती एका दमात चढली असती. थांबत होतो ते आम्ही.

भागानं माझं मनगट धरलं होतं. एक कळ ओसरल्यावर तिनं डोळे उघडले, माझ्याकडे आणि मग माझ्या पोटाकडे बघितलं.

"बाई, तुमालाबी हाय व्हय?"

"हो."

"कितवं?"

"पहिलंच."

"माजंबी." तिनं माझ्या मनगटावरची पकड सैल केली. "तुमी भिऊ नगा. समद्यांचं असं नसतं."

गाडीत निजलेली ती आणि धीर मला देत होती. मी पुण्याच्या कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली बाई. त्या वेळी मी नुसता तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

नगरला पोचलो. भागाला आत नेलं, पोट उघडलं. भागा वाचली. मूल वाचलं नाही. मुलगी होती.

डॉक्टर बाहेर येऊन आत्यांना म्हणाले की इथं येण्याआधीच मूल गेलेलं होतं, तुमच्या हातात काही नव्हतं. आत्यांनी मान हलवली, त्यांचे आभार मानले आणि दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. मी शेजारी बसले.

"आत्या, डॉक्टर म्हणाले ना..."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. खरंही असेल." त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. "पण मी गाडी थांबवून थांबवून मागं येत होते, ते डॉक्टरांनी बघितलेलं नाही. ते तू बघितलंस." आणि मग, "कशी गं मी एवढी खुळी? सगळ्या जगाला प्रश्न विचारत हिंडले आणि मीच दोन्ही जागी बसणार होते."

सदा खाली वाकून त्यांच्या पाया पडायला लागला, तर त्यांनी त्याला उठवलं आणि त्याच्यासाठी चहा आणायला मलाच पिटाळलं.

परतताना मी पुढं, त्यांच्या शेजारी बसले होते. घाट उतरताना माझ्या पोटातलं मूल जोरात हललं आणि मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर तोंड केलं. आत्यांना काय कळलं कोण जाणे. गिअर बदलता बदलता त्यांनी तो हात क्षणभर माझ्या पोटावर टेकवला.

"हे नीट होऊ दे," त्या म्हणाल्या. "मग तू शिकायचंस."

"काय?"

"गाडी."

"मी?"

"मग कोण? सदा बैल हाकतो."

माझी लेक चार महिन्यांची झाली आणि मी शिकायला बसले. गावाबाहेरच्या माळावर शिकवणी चाले. पहिल्या दिवशी मी कडब्याच्या गंजीत गाडी घातली आणि ती गंजी अख्ख्या माळावर एकटी होती. पारावरच्या मंडळींनी ही हकीकत मिरी गावच्या बाजारापर्यंत पोचवली. माझी सासरची एक चुलत जाऊ म्हणाली, "बाई माणसानं असं मांडीखाली इंजिन घेऊन बसू नये." आत्यांनी तिला हात धुवायला पाठवलं. मला त्या एकदाही रागावल्या नाहीत. एवढंच म्हणायच्या, "बी.ए., मागं बाई आहे असं समजून चालव." ते समजलं त्या दिवशी मला चालवता आलं.

दोन वर्षांनी भागा पुन्हा आली. ह्या वेळी आत्यांनी तिला दिवस भरायच्या आधीच बोलावून ठेवलं होतं. गाडीत निजवल्यावर तिनं मान उचलून पुढं बघितलं आणि विचारलं, "आज चालवनारी बशीवलीय का न्हाई?" तिची कळ, आत्यांचं हसू आणि माझं स्टार्टर दाबणं, तिन्ही एकदमच झाली. घाटात आम्ही कुठंही थांबलो नाही. मुलगा झाला, आणि काळाठिक्कर, ओरडका, धडधाकट निघाला.

त्यानंतर वर्षानुवर्षं असंच चाललं. मी पुढं, त्या मागं. खरं सांगायचं तर सिस्टर आत्यांना मी सगळ्यात जास्त बघितलं ते त्या गाडीच्या आरशात. खाली घातलेली मान, कपाळावरचा घाम, ओठांची हालचाल. त्या प्रार्थना करत होत्या की बाईला सांगत होत्या, ते इंजिनच्या आवाजात कधी कळलं नाही. रंगाचं म्हणाल तर त्या मुगाच्या वरणाची मला इतकी सवय झाली की पुढं लाल गाडी दिसली की डोळ्यांना टोचे.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. पहिल्यांदा चहाच्या बशीत दिसलं. त्यांनी नगरहून एक तरुण नर्स आणवली, चांगली, गंभीर मुलगी, आणि तिला वर्षभर स्वतःच्या हाताखाली घेतलं. शेवटी आत्या गेल्या त्या ह्यानंतर दोन वर्षांनी, आपल्याच खाटेवर, झोपेत. माणसं मोप आली. पण मी त्यांना निरोप दिला तो तेव्हा नव्हे. त्याच्या आधीच दिला होता.

त्या नर्सचं वर्ष संपत आलं तेव्हा एका सकाळी एक बाई अडलेली आली. तिला मागं निजवलं. आत्या सवयीनं मागच्या दाराशी गेल्या, दाराला हात लावला आणि तिथंच थांबल्या. मग त्यांनी त्या तरुण नर्सला म्हटलं, "तू जा आत." आणि स्वतः वळून पुढचं दार उघडलं, माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी गाडी चालवायला लागल्यापासून, अडलेली बाई गाडीत असताना त्या पुढं कधीच बसल्या नव्हत्या.

तिसगाव मागं पडलं. करंजी गेली. घाट लागला. पाऊस झालेला होता, डोंगर हिरवे होते, कडेच्या ओघळींतून पाणी वाहत होतं. आत्या बाहेर बघत राहिल्या. "बी.ए., हा रस्ता असा आहे होय गं," त्या म्हणाल्या. "मी कधी बघितलाच नाही."

मागून ती बाई कण्हली. आत्यांचे हात मांडीवर होते, पदराखाली. ते हलले. पुन्हा कळ आली, पुन्हा हलले. दोन्ही तळवे पसरले, जणू हाताखाली काही आहे आणि ते कडक होतंय की मऊ, हे त्या बघताहेत. मागून त्या मुलीचा आवाज येत होता, शांत, ठाम. माझं लक्ष रस्त्यावर असायला हवं होतं, तरी मी एकदा त्यांच्याकडे बघितलं. पदर थरथरत होता. पण मान सरळ होती, नजर समोर होती, आणि घाट संपेपर्यंत सिस्टर आत्यांनी मागं वळून बघितलं नाही.